अकराव्या तासाची मजुरी

लिंबागणेशच्या पंचक्रोशीतील माणसाला मजुरीचा हिशेब शिकवावा लागत नाही. बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे सारे वर्ष मुकादमाची उचल किती, टनामागे दर किती आणि हंगामाअखेर फिटले किती, यांवरच बेतलेले असते. अशा मुलखात येशू ख्रिस्ताने सांगितलेला द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त प्रथमदर्शनी अन्यायाचाच वाटेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील विसाव्या अध्यायात हा दृष्टान्त आहे. धनी पहाटे स्वतः बाहेर पडून एक दिनार रोजाने मजूर ठरवितो. पुढे तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अखेर अकराव्या तासालाही तो बाजारात जातो व रिकामे उभे असलेल्यांना कामावर धाडतो. सायंकाळी तासभर राबलेल्यांच्या हातावरही पूर्ण दिनार पडतो आणि दिवसभर उन्हात तापलेले मजूर कुरकुर करतात.

परंतु त्यांचे बुडाले काय? ठरलेला रोज त्यांना पुरता मिळाला होता. त्यांना सलला तो दुसऱ्याचा लाभ. अशा औदार्याने 'दे रे हरी पलंगावरी' ही वृत्ती बळावेल, असा आक्षेप कोणी घेईल. पण ते मजूर पलंगावर नव्हते; दिवस कलेपर्यंत बाजारात उभे होते. कोणी कामावर लावले नाही, एवढाच त्यांचा दोष. घरची चूल मात्र कामाचे तास मोजून पेटत नाही.

हिशेबापलीकडची ही कृपा आपल्याला परकी नाही. लिंबागणेशच्या भालचंद्राच्या आख्यायिकेत गणेशाचा उपहास करणारा चंद्र शापित होतो, तप करतो आणि शेवटी त्याच गणेशाच्या भाळी स्थान पावतो. शापमुक्ती तपाचे फळ म्हणता येईल. भाळावरचे स्थान मात्र पदरच्या पुण्याहून मोठे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपासमारीने गांजलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्तिसदनात त्यांना आसरा मिळाला. बोलावणे घेऊन धन्यानेच बाजारात जावे, तसेच हे होते.

तथापि, गरिबाने सदैव धन्याच्या मर्जीवर जगावे, असा अर्थ यातून काढणे घातक ठरेल. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला त्याने काम मागण्याचा हक्क दिला. जेथे हक्क द्यावयाचा, तेथे शासनाने कृपेची भाषा बोलणे हा त्या माणसाचा अपमानच होय.

मात्र शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून उठणारी पोटदुखी कोणत्याही कायद्याने बरी होत नाही. सवलत, शिष्यवृत्ती वा दुष्काळी मदत दुसऱ्याला मिळाली की आपण तत्काळ त्याची पात्रता तपासू लागतो. अशा वेळी आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा : माझे काही कमी झाले आहे, की त्यालाही मिळाले एवढेच मला खुपते आहे? पहिल्या प्रकारच्या तक्रारीला न्यायाचा आधार आहे. दुसरीला तो नाही.