टाकी फुल्ल!

मंडळी, आधी एक हिशोब करू, मग भांडू.

समजा भोरच्या एखाद्या पंपावर ज्यांचं रोजचं येणंजाणं आहे अशा दीड हजार दुचाक्या आहेत. (आकडे माझ्या मनाचे आहेत, सोयीसाठी घेतलेत.) आपल्याकडे गावात मोटारसायकलवाला टाकी कधी भरत नाही. शंभराचं टाकतो, म्हणजे लिटरभर, आणि ते तीन दिवस पुरवतो. म्हणजे पंपावर रोज पाचशे गाड्या आणि पाचशे लिटर. पंपवाला त्याच अंदाजाने टँकर मागवतो. आता एके दिवशी सकाळी मोबाइलवर येतं, "उद्यापासून पेट्रोल बंद". दीडच्या दीड हजार गाड्या त्याच दिवशी येतात आणि प्रत्येक जण सात लिटर टाकून टाकी फुल्ल करतो. झाले साडेदहा हजार लिटर. नेहमीच्या एकवीस पट! त्या दिवशी कुणीही एक किलोमीटर जास्त गाडी चालवलेली नाही. पेट्रोल तालुक्यातच आहे, फक्त पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून निघून दीड हजार छोट्या टाक्यांत जाऊन बसलंय. आणि तिथून ते ज्याला खरंच हवंय त्याला मिळणार नाही.

आपल्या आयटीवाल्यांना हे समजायला अवघड जाऊ नये. सकाळी दहा वाजता तत्काळचं तिकीट काढायला बसलेला प्रत्येक जण हेच अनुभवतो. गाड्या तेवढ्याच, प्रवासीही साधारण तेवढेच, पण सगळे एकाच मिनिटाला क्लिक करतात आणि ते चक्र गोल गोल फिरत बसतं.

हे सगळं आठवायचं कारण जानेवारी २०२४. नवीन भारतीय न्याय संहिता डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाली होती. तिच्या कलम १०६(२) मध्ये असं होतं की बेदरकारपणे गाडी चालवून कुणाचा जीव गेला आणि चालक पोलिसांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या ३०४ अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. ड्रायव्हर लोक भडकले. त्यांचं म्हणणं असं, की थांबलो तर जमाव मारतो आणि नाही थांबलो तर दहा वर्षं आत. "सात लाख दंड" हा आकडाही सगळीकडे फिरत होता. कलमात असा कुठलाही आकडा नाही, नुसता दंड म्हटलंय. पण तोवर तो आकडा फोनाफोनी होऊन वाड्यावस्त्यांपर्यंत पोचला होता. असो. १ जानेवारीला ट्रकवाले आणि टँकरवाले थांबले. पुण्याच्या बाजूला इंधन मुंबईहून पाइपलाइनने लोणी काळभोरला येतं, पण लोणीपासून पंपापर्यंतचा शेवटचा टप्पा टँकरनेच जावं लागतं, आणि टँकर माणूस चालवतो. २ तारखेच्या रात्री दिल्लीत केंद्रीय गृहसचिव अजय भल्ला आणि वाहतूकदारांच्या संघटनेची बैठक झाली, कलम अजून लागू झालेलं नाही आणि संघटनेशी बोलल्याशिवाय करणार नाही असं सांगितलं गेलं, आणि गाड्या हलल्या. पुढे १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हाही हे पोटकलम बाजूलाच ठेवलं गेलं.

म्हणजे संप जेमतेम दोन दिवसांचा. दोन दिवसांत सगळ्याच पंपांचा साठा असा आपोआप संपत नाही. तो आपण संपवला.

माझं आजोळ वेल्हे तालुक्यात. (सरकारी कागदावर तालुक्याचं नाव आता राजगड. आमच्या घरात अजून वेल्हंच.) मामेभावाची पिकअप आहे. सकाळ-संध्याकाळ आतल्या गावांतून दुधाचे कॅन गोळा करतो आणि मधल्या वेळात मिळेल ते भाडं मारतो. त्या भागात ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना नकाशा माहीत असेल. हायवेवरच्या चेलाडी फाट्याला वळायचं, नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्हं, तिथून पुढे मढे घाटाच्या तोंडाशी केळद. जायलाच पन्नासेक किलोमीटर. हायवे सोडून जितकं आत जावं तितके पंप विरळ. भोरकडून वरंधा घाटाच्या दिशेला निघालात तरी तीच गत, निगुडघर-हिर्डोशीकडच्या माणसाला तेल भरायचं तर भोर गाठावं लागतं.

२ जानेवारीला मंगळवार होता. शनिवार-रविवारला लागून सोमवारी १ तारीख आल्यामुळे थर्टीफर्स्टची गर्दी अजून परतत होती. भाऊ दुपारी हायवेवरच्या एका पंपावर पोचला तेव्हा रांग सर्व्हिस रोडवर आलेली. त्याला हवं होतं डिझेल. डिझेलच्या मशीनपाशी गर्दी फारशी नव्हती, पण तिथपर्यंत जाणार कसं? पेट्रोलच्या रांगेने दोन्ही तोंडं बंद केलेली. पुढे बहुतेक कारच. त्यातल्या एकाला त्याने विचारलं, किती टाकणार? तो म्हणाला, "अर्धी टाकी आहे, पण म्हटलं फुल्ल करून ठेवू." अर्धी टाकी म्हणजे त्याला पुण्यातलं घर गाठून, आठवडाभर ऑफिसला जाऊन, वर रविवारी सिंहगडावर भजी खाऊन यायला पुरली असती. भाऊ अडीच तासांनी बाहेर पडला. संध्याकाळची फेरी चुकली. एका कॅनमध्ये चाळीस लिटर दूध मावतं, असे कॅन गावोगाव फाट्यावर येऊन थांबले होते. काहींनी रात्री दूध तापवून ठेवलं, काहींनी विरजण लावलं, बाकीच्यांनी सोडून दिलं. त्याचे पैसे कुणी मागणार नाही आणि कुणी देणारही नाही.

मला त्या कारवाल्याचा राग येत नाही, खरंच. त्याच्या जागी बसून विचार केला तर तो शहाणाच आहे. टाकी फुल्ल करायचा त्याला तोटा काहीच नाही, आणि उद्या खरंच मिळालं नाही तर फायदा. म्हणून "नागरिकांनी घाबरू नये, पुरेसा साठा आहे" हे निवेदन मला बिनकामाचं वाटतं. साठा पुरेसा आहे हे खरं असतं, पण नेहमीच्या मागणीला पुरेसा. वाचणारा मनात म्हणतो, मी नाही घाबरलो, पण शेजारचा घाबरला तर? आणि शेजारी नेमका हाच विचार करत स्कूटरला किक मारत असतो. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये हेच झालं. पेट्रोल होतं, टँकर चालवायला माणसं कमी होती, बातमी फुटली आणि लगेच रांगा. शेवटी ऑक्टोबरमध्ये लष्कराचे लोक टँकरवर बसवावे लागले. तेव्हा "भारतात लोकांना शिस्तच नाही" वगैरे आपलं आवडतं वाक्य इथे चालणार नाही.

याला उपाय आहे तो मर्यादेचा. सर्व्हरवर लोड आला की आपण युजरला पत्रक काढून विनंती करतो का, की कृपया कमी क्लिक करा? प्रत्येकाला किती रिक्वेस्ट मिळणार ते ठरवून टाकतो. चंदीगड प्रशासनाने २ जानेवारीलाच असा आदेश काढला होता. दुचाकीला दोन लिटर किंवा जास्तीत जास्त दोनशे रुपये, चारचाकीला पाच लिटर किंवा पाचशे रुपये. संप मिटेपर्यंत एवढंच. मला हे एकदम पटलं. टाकी फुल्ल होणारच नसेल तर अर्धी टाकी असलेला माणूस पाच लिटरसाठी तासभर रांगेत कशाला उभा राहील?

यावर ऑफिसातल्या मित्राचं म्हणणं, अरे मर्यादा घातली की लोकांना वाटतं खरंच टंचाई आहे, उलट गर्दी वाढेल, आणि तेच लोक पुन्हा पुन्हा येतील. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. १९७९ च्या टंचाईत अमेरिकेत काही राज्यांनी बरोबर उलटं केलं होतं, ठरावीक रकमेपेक्षा कमीचं पेट्रोल द्यायचंच नाही, म्हणजे टाकी जवळजवळ भरलेली असताना उगाच कुणी येऊ नये. डोकं चांगलं लावलं होतं. पण ते आपल्याकडे आणून बघा. शंभराचं टाकणारा हिर्डोशीचा शेतकरी त्या नियमात पहिल्याच दिवशी बाहेर फेकला जाईल, कारण त्याच्या खिशात शंभरच आहेत. राहिला प्रश्न मर्यादेमुळे भीती वाढण्याचा. हायवेपर्यंत आलेली रांग बघून जेवढी भीती वाटते त्याहून जास्त भीती सरकारी आदेशाने वाटेल असं मला तरी वाटत नाही.

चंदीगडचा आदेश जसाच्या तसा उचलून इथे लावला तर मात्र घोळ होईल. चंदीगड हे सपाट, आटोपशीर शहर. पाचशे रुपयांत तिथे दोन दिवस फिरता येतं. आमच्याकडे चेलाडीहून केळदला जाऊन यायचं म्हणजे शंभर किलोमीटर, त्यात चढउतार. पिकअप लिटरला बारा देते म्हटलं तरी आठ लिटर डिझेल लागलं. तेव्हा डिझेल नव्वदच्या वर होतं, म्हणजे साडेसातशे रुपये. पाचशेच्या मर्यादेत गाडी दूध घेऊन येताना वाटेतच कुठेतरी बंद पडणार! मग दुधाच्या, भाजीच्या, रुग्णांच्या आणि वडापच्या गाड्यांना वेगळी मर्यादा आणि वेगळी वाट हवी. वडाप हा शब्द ऐकून नाकं मुरडू नका. २०२१-२२ च्या एसटी संपात पाच-सहा महिने या डोंगरातली पोरं कॉलेजला आणि म्हातारी माणसं दवाखान्यात याच जीपमधून गेली.

आणि एक बाटलीचा प्रश्न. प्लास्टिकच्या बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल देऊ नये हा नियम आहे आणि तो योग्यच आहे, आग कुणाला सांगून लागत नाही. पण पंप लांब असलेल्या गावात किराणा दुकानाच्या कोपऱ्यात पाण्याच्या बाटलीत लाल-पिवळं पेट्रोल ठेवलेलं असतं हे ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलंय, आणि तोरणा उतरल्यावर कुणीकुणी विकतही घेतलंय. टंचाईच्या दिवशी तीच बाटली दीडपट-दुपटीने जाते. तिथे मर्यादा कोण लावणार? जिथे पंप परवडत नाही तिथे परवान्याचा, सुरक्षित असा छोटा पुरवठा कसा करायचा हे संप नसताना ठरवायला हवं.

कुठल्या गावातून दुधाच्या किती गाड्या निघतात, कुठल्या रस्त्यावर किती जीप चालतात, डायलिसिसला नियमित पुण्याला कोण जातं, ही माहिती गावात सगळ्यांना तोंडपाठ असते. तहसील कचेरीत ती एका साध्या एक्सेल शीटमध्ये बसेल. ती बनवायला दोन शनिवार पुरतील, आणि ते काम फुकट करून द्यायला मी तयार आहे. भोर, वेल्हे, दोन्ही तालुक्यांचं. कुणाला सोबत यायचं असेल तर कळवा, जेवण मामीकडे.