विश्लेषण : सर्व्हर बंद पडला तरी सर्च का थांबत नाही?

खरेदीच्या अ‍ॅपवर ‘निळी पैठणी’ असे टाइप केले की लाखो वस्तूंमधून नेमकी यादी क्षणार्धात समोर येते. अशा सर्चमागे अनेकदा ‘इलॅस्टिकसर्च’ किंवा त्यातूनच फुटून निघालेले ‘ओपनसर्च’ हे सॉफ्टवेअर असते. २०२१ मध्ये परवान्याच्या वादातून दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आता माहितीच्या प्रती कशा ठेवायच्या, यातही फरक पडू लागला आहे.

इंडेक्सिंग म्हणजे काय?
जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्द आणि त्यापुढे पानांचे क्रमांक. सर्च इंजिनही कोणता शब्द कोणत्या नोंदींत आहे, याची सूची आधीच तयार ठेवते. त्यामुळे शोधताना सगळा मजकूर चाळावा लागत नाही. सूची मोठी झाली की तिचे तुकडे, म्हणजे ‘शार्ड’, अनेक सर्व्हरवर वाटले जातात. सर्व्हरच्या या समूहाला ‘क्लस्टर’ म्हणतात.

एखादा सर्व्हर बंद पडला तर?
मूळ शार्ड म्हणजे ‘प्रायमरी’ आणि त्याची प्रत म्हणजे ‘रेप्लिका’. हे दोन्ही कधीच एका सर्व्हरवर ठेवले जात नाहीत. प्रायमरी असलेला सर्व्हर बंद पडला, तर रेप्लिकालाच प्रायमरी केले जाते. क्लस्टरची तब्येत रंगांवरून कळते. हिरवा म्हणजे सगळे ठीक, पिवळा म्हणजे एखादी रेप्लिका जागेवर नाही आणि लाल म्हणजे एखादी प्रायमरीच उपलब्ध नाही.

प्रती कशा तयार होतात?
रूढ पद्धतीत प्रायमरी नवी नोंद रेप्लिकाकडे पाठवते आणि रेप्लिका इंडेक्सिंगचे तेच काम पुन्हा करते. म्हणजे एकाच कामासाठी दोनदा प्रोसेसर राबतो. ओपनसर्चने २०२३ मध्ये दुसरा पर्याय वापरासाठी खुला केला. त्यात प्रायमरीने तयार केलेल्या सूचीच्या फाइल्सच रेप्लिकाकडे कॉपी होतात. प्रोसेसरवरचा ताण घटतो, पण नेटवर्कवरचा वाढतो आणि रेप्लिका थोडी मागे राहू शकते. नुकताच संपलेला माल काही काळ ‘उपलब्ध’ दिसू शकतो, तो यामुळेच.

परवान्याचा वाद काय होता?
जानेवारी २०२१ मध्ये इलॅस्टिक कंपनीने खुला परवाना बदलून अटी कडक केल्या. तेव्हा अ‍ॅमेझॉनने आधीच्या खुल्या आवृत्तीवरून ओपनसर्च उभे केले. ऑगस्ट २०२४ मध्ये इलॅस्टिकने खुल्या परवान्याचा पर्याय पुन्हा दिला. पुढच्याच महिन्यात ओपनसर्च लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेले. परवान्याची धार बोथट झाली, पण दोन्ही सॉफ्टवेअर एव्हाना बरीच वेगळी झाली आहेत. त्यामुळे एकावरून दुसऱ्यावर जाणे सोपे राहिलेले नाही.

रेप्लिका असली की बॅकअप नको?
हवाच! रेप्लिका सर्व्हर बंद पडण्यापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. एखादी नोंद चुकून डिलीट केली, तर ती रेप्लिकातूनही पुसली जाते. तेव्हा कामी येतो तो वेगळ्या जागी ठेवलेला ‘स्नॅपशॉट’च.