गाडीचें बळ आणि घराचा हप्ता

नागपुरांत संत्र्यांचा आंबिया बहार उतरूं लागला, कीं शहराच्या वाटांवर छोट्या मालवाहू गाड्यांची रीघ लागते. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर या बाजूंनीं पहाटेस निघालेल्या या गाड्या फळांचे क्रेट भरून कळमन्याच्या बाजाराकडे जातात. आज आपण सारे ज्यांना पिकअप म्हणतों, त्याच या गाड्या. आमच्या वाचकांनीं त्या रोज पाहिल्या असतील. परंतु त्यांतील एखादी आपल्या दारीं उभी राहावी, असें किती जणांच्या मनांत आलें असेल, याची आम्हांस शंका आहे. आमच्याहि आलें नव्हतें. गेल्या दिवाळींत मात्र हा प्रश्न आमच्या नात्यांतीलच एका घरीं उभा राहिला. तो आणखीहि पुष्कळ घरांचा असेल असें वाटल्यामुळें येथें मांडीत आहों.

आमच्या धाकट्या भगिनीच्या यजमानांनीं शिक्षकाच्या पेशांत तीस वर्षें घालविलीं. काटोलकडे त्यांची वडिलार्जित संत्र्याची बाग आहे. मुलगा वाणिज्य शाखेचा पदवीधर असून शहरांतील एका कचेरींत तीन वर्षें हिशेबाचें काम करीत होता. पाडव्याच्या दिवशीं त्यानें घरांत सांगितलें, कीं आपण नोकरी सोडून पिकअप घेणार, आणि आपल्या व शेजारच्या बागांचा माल स्वतः बाजारांत नेणार. वडील एवढेंच म्हणाले, "शेवटीं गाडीच हांकावयाची होती, तर पदवी कशाला घेतलीस?" मुलगा दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे आला. "मामा, तुम्ही एकदां माझ्याबरोबर गाड्या पाहायला चला, आणि मग बाबांशीं बोला." आम्ही गेलों.

या गाड्यांचा वंश जुना आहे. १९४५ सालीं लुधियाना येथें स्थापन झालेल्या आणि १९४८ सालीं महिंद्रा अँड महिंद्रा हें नांव घेतलेल्या कंपनीनें १९४७ पासून मुंबईंत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपच्या घराण्यांतूनच पुढें बोलेरो पिकअप आली. टाटांनीं २००५ सालीं एस नांवाची चिमुकली गाडी काढली. तिचें इंजिन सोळा अश्वशक्तीचें आणि ओझें पाऊण टनाचें. लोकांनीं तिला कौतुकानें "छोटा हत्ती" म्हटलें. पुढें मात्र ओझ्याचा आंकडा चढतच गेला. सप्टेंबर २०२२ मध्यें टाटांची दोन टन माल नेणारी योद्धा आली, आणि एप्रिल २०२३ मध्यें महिंद्रांनीं बोलेरो मॅक्स पिकअपची नवी मालिकाच मांडली. तिच्यांत १.३ टनांपासून २ टनांपर्यंतच्या गाड्या आहेत, आणि सर्वांत मोठीचा हौदा दहा फूट लांब आहे.

शोरूममधील विक्रेता मोठा गोडबोल्या होता. त्यानें आम्हांस थेट दोन टनांच्या गाडीपाशीं नेलें. "काका, घ्यायची तर मोठीच घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. वाचलेल्या पैशांत मोठी गाडी बसते." आमच्या भाच्याचे डोळे चमकले. त्याच्या मनांत बाजार केव्हांच मागें पडला होता आणि समृद्धी महामार्ग धांवूं लागला होता. ५ जून २०२५ रोजीं हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता पुरा झाल्यापासून मुंबई एका रात्रीवर आली आहे, आणि आपलीं संत्रीं आपणच तेथें न्यावींत, असें त्याचें स्वप्न होतें. स्वप्न वाईट नाहीं. परंतु दिवसभर बागेंत राबून रात्रभर एकट्यानें गाडी चालविणाऱ्या मुलाची आई घरीं झोंपूं शकत नाहीं, हेंहि आम्हांस त्याला सांगावें लागलें.

"बळ" या शब्दाविषयीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे, कारण सारा घोटाळा त्यांतच आहे. टोयोटाची हायलक्स नांवाची पिकअप २०२२ पासून आपल्याकडे मिळते. तिचें इंजिन २०४ अश्वशक्तीचें. आमची बोलेरो मॅक्स सत्तर-ऐंशी अश्वशक्तीची. म्हणून हायलक्स संत्रीं अधिक नेईल काय? मुळींच नाहीं. तिच्यांत पांच माणसें ऐसपैस बसावयाचीं असल्यामुळें हौदा आंखूड राहिला आहे. तिचें बळ वेगासाठीं, डोंगरासाठीं आणि हौसेसाठीं आहे. इंजिन गाडी ओढतें. वजन पेलण्याचें काम मात्र कमानीचे पाटे, आंस आणि टायर करतात, आणि तें वजन उतारावर आंवरतात ते ब्रेक. म्हणून माल नेणाऱ्यानें अश्वशक्तीचा आंकडा मागाहून पाहावा. आधीं पाहावें तें गाडीचें मंजूर ओझें. आणि त्याच्याहि आधीं पाहावें तें आपल्यापाशीं असलेलें ओझें.

हें दुसरें ओझें कोणत्याहि माहितीपत्रकांत छापलेलें नसतें. आम्हीं भाच्याला सांगितलें, "गाडी ठरवूं नकोस. आठ दिवस शेजारच्या बागाईतदाराच्या गाडींत बस, आणि रोज किती क्रेट भरले तें लिहून आण." पोरगा हिशेबाचा, त्यानें वही व्यवस्थित ठेविली. एका क्रेटांत वीस किलो फळ आणि क्रेटचें वजन मिळून बावीस किलो धरले, तर १.३ टनांच्या गाडींत ५९ क्रेट मावतात, दोन टनांच्या गाडींत ९०. त्याच्या वहींत ऐन बहारांतला सर्वांत भरलेला दिवस होता ५६ क्रेटांचा. बाकीचे दिवस चाळीस ते पन्नासांतले. दुसरें असें, कीं आंबिया बहार दिवाळीच्या आगेंमागें उतरतो, मृगाचा बहार फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. उरलेल्या महिन्यांत भाजीपाला, खतांचीं पोतीं, कोणाचें घरसामान, जें मिळेल तें न्यावयाचें. फळ दोन बहारांत येतें, हप्ता बाराहि महिने येतो.

त्या हप्त्याचाहि हिशेब आम्हीं त्याच्याकडूनच करविला. समजा, दरसाल दहा टक्क्यांनीं पांच वर्षांसाठीं कर्ज काढलें. सहा लाखांच्या कर्जाला महिना सुमारें १२,७५० रुपये पडतात, आठ लाखांना सुमारें १७,०००. फरक महिना सव्वाचार हजारांचा, म्हणजे पांच वर्षांत अडीच लाखांहून अधिक. आणि हे अडीच लाख कशासाठीं? जे चौतीस क्रेट कधींच भरले जाणार नाहींत, त्यांच्या जागेसाठीं!

कायद्याकडेहि पाहिलें पाहिजे. गाडी आणि माल मिळून मंजूर एकूण वजन ३,००० किलोंपेक्षां अधिक नसेल, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें मालवाहतुकीचा वेगळा परवाना काढावा लागत नाहीं. त्यावरील गाडीस तो लागतो. गाडी घेतांना हें वजन कागदावर पाहून घ्यावें. हलक्या मोटारीचें लायसन असणारास ७,५०० किलोंपर्यंतचें मालवाहू वाहन चालवितां येतें, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं दिला आहे. तेव्हां त्या बाबतींत मुलाला अडचण नव्हती. परंतु मंजुरीपेक्षां अधिक माल भरला, तर २०,००० रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागें आणखी २,००० रुपये, असा नियम २०१९ पासून लागू आहे. लहान गाडी घेऊन तींत मोठीचा माल कोंबावयाचा, हा शहाणपणा नव्हे. पाटा तुटतो, टायर फुटतो, आणि पांदणीच्या काळ्या चिखलांत रुतलेली गाडी सारा बाजार बुडविते.

हा हिशेब चालला असतां मुलाची आजी माजघराच्या दारांत बसून ऐकत होती. तिच्या सासऱ्यांच्या वेळीं काटोलहून संत्रीं बंडींतून निघत. ती म्हणाली, "बैल घ्यायला गेलं, की त्याचा खांदा सगळेच बघतात. आमचे मामंजी आधी घरची कडब्याची गंजी बघून मग बाजाराला निघायचे." आम्हीं तासभर जें आंकड्यांनीं सांगितलें, तें तिनें दोन वाक्यांत सांगून टाकलें.

आतां राहिला वडिलांचा आक्षेप. तो आम्ही हलका मानीत नाहीं. पांढरपेशा घरांत मुलाची पदवी ही दोन पिढ्यांची बचत असते, आणि ती गाडीच्या चाकाखालीं जाते आहे असें वाटलें, तर बापाचें मन दुखणें स्वाभाविक आहे. परंतु आम्हीं त्यांना एका शिक्षकाचेंच उदाहरण दिलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत. ती नोकरी सोडून ते बेळगांवास सायकलींच्या दुकानांत उभे राहिले. पुढें कडबा कापण्याचीं यंत्रें आणि लोखंडी नांगर करूं लागले, आणि १९१० सालीं त्यांनीं किर्लोस्करवाडी वसविली. त्यांची विद्या वायां गेली, असें आज कोण म्हणेल? प्रत्येक पिकअपमागें किर्लोस्करवाडी उभी राहणार नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु क्रेटांची वही आठ दिवस न चुकतां लिहिणारा मुलगा आपली पदवी विसरलेला नाहीं, एवढें तरी आम्ही खात्रीनें सांगूं शकतों.

एक गोष्ट मात्र आम्हांस तेथें गेल्यावरच कळली. मोठ्या गाडीच्या आगाऊ रकमेंत तूट पडते आहे हें ऐकून आमच्या भगिनीनें आपल्या पाटल्या काढून देवघरांतील डब्यांत ठेविल्या होत्या. तिनें कोणाला सांगितलें नव्हतें, मुलालाहि नाहीं. डबा उघडला गेला तो आरतीचें निरांजन शोधतांना. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग त्यानें वही घेतली, आणि १.३ टनांच्या गाडीखालीं रेघ ओढली.

गाडी आतां दारीं आली आहे. ती मोठी नाहीं. शेजारच्या ओळखीच्यांनीं "थोडी आणखी मोठी घ्यायची होती" असें म्हणावयाचें तें म्हटलेंच. वडिलांचें मन पुरतें वळलें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु परवां आम्ही गेलों, तेव्हां ओसरीवर ते चष्मा लावून बसले होते. समोर मुलाची वही होती, आणि डिझेलच्या खर्चाचा रकाना ते स्वतःच्या हातानें आंखीत होते. आमच्या भगिनीनें चहा आणून ठेविला, तेव्हां तिच्या हातांत पाटल्या होत्या.

ज्या घरांत आज असा प्रश्न उभा असेल, त्यांना आमचें सांगणें इतकेंच: मुलानें गाडी चालवावी कीं नाहीं, याचा निर्णय लाजेवर सोडूं नये, आणि कोणती गाडी घ्यावी, याचा निर्णय हौसेवर सोडूं नये. आधीं आठ दिवस आपलें ओझें मोजावें.