सुईच्या बदल्यात सुई

काटा काट्यानेच काढावा लागतो, असे आपण सहज बोलून जातो. पण व्यसनी तरुणाच्या हाती कुणी खरोखरच कोरी सुई ठेवू लागले, की आपल्यासारख्या संसारी माणसांच्या कपाळाला आठी पडते. 'म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्याच की!' ही पहिली प्रतिक्रिया असते आणि ती समजण्याजोगी आहे. ज्या घरात गर्द शिरला, भांडीकुंडी विकली गेली, त्या घरातल्या आईला तर ही जखमेवर मीठ चोळण्याची योजना वाटेल. तरीही गेल्या चार दशकांचा अनुभव काय सांगतो, हे शांतपणे पाहिले पाहिजे.

ही कल्पना सरकारी टेबलावर जन्मली नाही. १९८४ साली ॲमस्टरडॅम शहरात ती पुढे आणली व्यसनींच्याच एका संघटनेने. तेव्हा धास्ती एड्सची नव्हती, 'हिपॅटायटिस बी' या काविळीची होती. नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने सिरिंज पुरवल्या, वापरलेल्या गोळा करून नष्ट करण्याची जबाबदारी घेतली आणि वाटपाचे काम संघटनेने केले. जुनी द्या, नवी घ्या, असा साधा रोखठोक व्यवहार होता. त्याच दशकात स्कॉटलंडमधील एडिंबरोत उलटे घडले. पोलिसांनी बडगा उगारल्यामुळे तेथे सिरिंज मिळणे दुरापास्त झाले. हेरॉईन काही थांबले नाही. मात्र एकच सिरिंज अनेक हातांतून फिरू लागली. पुढे तेथील एका दवाखान्यातल्या अशा रुग्णांचे रक्त तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे आढळले.

हे सारे परदेशातले, असे म्हणून सुटका नाही. आपल्या मणिपूरची सीमा म्यानमारला लागून आहे आणि तिकडून येणारे हेरॉईन तेथील तरुण शिरेतून टोचून घेत. १९८९-९० मध्ये त्यांच्यात एचआयव्ही सापडला आणि काही महिन्यांतच तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुले बाधित निघाली. एकेका घरातून दोन दोन भाऊ गेले, त्यांच्या बायकांनाही लागण झाली. याच काळात, १९९१ साली, इंफाळमध्ये व्यसनातून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी 'सासो' ही संस्था काढली. १९९६ मध्ये मणिपूरने स्वतःचे एड्सविषयक धोरण स्वीकारले आणि त्यात 'हानी कमी करणे' या मार्गाला जागा दिली. २००७ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात हे काम देशभर वाढवले गेले. सुयांच्या जोडीला बुप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळीही आली. ती नियमित घेतली की तलफ आटोक्यात राहते आणि टोचून घेण्याची गरज कमी होते.

पण या कामाला व्यसनातून गेलेलाच माणूस कशाला हवा? पदवीधर समाजसेवक का नको? माझी हयात बँकेत गेली. कर्जदाराची पत फायलीतून जेवढी कळते, त्याहून अधिक ती त्याच्या आळीतल्या माणसाला ठाऊक असते, हे तेथे रोज दिसे. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला, तोही याच भरवशावर. सुयांच्या कामाचे तसेच आहे. कोणत्या पडक्या इमारतीत पोरे जमतात, कोण काल तुरुंगातून सुटून आला, कुणाच्या हातावरचे गळू चिघळले आहे आणि तो लाजेने दवाखान्यात जात नाही, हे पांढऱ्या कोटातल्या माणसाला कसे कळणार? सहकारी कार्यकर्त्याला ते कळते, कारण तोही कधीकाळी तेथेच बसलेला असतो. तो सुई देतो, वापरलेली परत आणतो म्हणून ती उद्या एखाद्या लहान मुलाच्या पायात जात नाही. आणि जाता जाता तो रक्ततपासणीचा, उपचाराचा विषयही काढतो.

महाराष्ट्राला हे सूत्र अगदीच परके नाही. १९८६ साली पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केले. तेथे बरे झालेले रुग्णच इतरांना हात देताना दिसतात. मुक्तांगणचा रस्ता संपूर्ण व्यसनमुक्तीचा, सुईवाल्यांचा रस्ता त्याआधीच्या अवघड वळणावरचा. हे दोन रस्ते एकमेकांचे वैरी नाहीत. व्यसन सुटायला अनेकांना वर्षे लागतात, आणि तोवर माणूस जिवंत असावा लागतो. बँकेच्या भाषेत बोलायचे तर ही कर्जमाफी नव्हे, मुदतवाढ आहे.

एवढ्याने सारे साधले असे मात्र नाही. २०२१ च्या सरकारी पाहणीत सुईवाटे अंमली पदार्थ घेणाऱ्यांत एचआयव्हीचे प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होते. देशातील सर्वसाधारण प्रौढांत ते ०.२ टक्के आहे. मिझोराममध्ये तर एकूण प्रौढांतच ते अडीच टक्क्यांवर गेले आहे. कायदाही दोन तोंडांनी बोलतो. १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानुसार सेवन हा आजही गुन्हा आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मात्र लागण टाळण्यासाठी सुया पुरवण्यासारख्या कामांना फौजदारी कारवाईतून संरक्षण दिले. तो सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आला. नाक्यावरच्या हवालदारापर्यंत हा दुसरा कायदा पोचला नसेल, तर सुयांची पिशवी घेऊन निघालेला कार्यकर्ता त्याच्या लेखी संशयितच ठरतो.

आणि या कार्यकर्त्याच्या हाती पडते काय? पगार नव्हे, तुटपुंजे मानधन. ज्या विळख्यातून तो सुटला, त्याच्या काठावर आपण त्याला रोज उभे करतो. तो पुन्हा घसरला तर त्याला सावरायला कोण आहे, हा प्रश्न योजनेच्या कागदांवर क्वचितच पुढे येतो. वस्तीतल्या पोरांना हुडकून काढणारा हाच एक माणूस आपल्याकडे आहे. त्याला धड वेतन, ओळखपत्र आणि स्वतःच्या उपचाराची हमी देणे एवढे तरी आपल्याला जमायला हवे. त्या पोरांपैकी कोण कुणाच्या घरचे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. त्याला बहुधा ठाऊक असते.