बोली लावा, गायब व्हा!

या वीकेंडला जरा तापूनच लिहितोय, सांभाळून घ्या. विषय आहे ऑनलाइन लिलावात सगळ्यात मोठी बोली लावून जिंकणारी आणि जिंकल्या क्षणी पृथ्वीतलावरून नाहीशी होणारी थोर माणसं. पैसे नाहीत, उत्तर नाही, 'सॉरी, नको' एवढं टाइप करण्याचेही कष्ट नाहीत. माझं म्हणणं सरळ आहे. ही बिचारी विसरभोळी माणसं नाहीत, ती दुसऱ्याच्या खर्चाने करमणूक करून घेतात. आणि त्यांचं फावतं, कारण लिलावातली सगळ्यात शहाणी गोष्ट, म्हणजे अनामत रक्कम, ऑनलाइन दुकानदारीने अडगळीत टाकली.

भारतातली मंडळी म्हणतील, लिलाव अजून चालतात? आपल्याकडे बाझी डॉट कॉम होतं, ते २००४ मध्ये ईबेने घेतलं आणि ईबेची भारतातली साइट २०१८ मध्ये बंद झाली. पण मी राहतो अमेरिकेत आणि इथे जुना कॅमेरा, गिटार, घड्याळ विकायला लोक अजून लिलाव लावतात. मी एक लेन्स अशीच दोनदा विकली. म्हणजे दोनदा 'विकली गेली', पैसे एकदाही आले नाहीत. साइटचं नाव घेत नाही, भांडण त्या दोन विजयी वीरांशी आहे.

'अरे, मग परत लाव की लिलाव, बिघडलं काय?' असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब.

समजा लेन्सवर तिघांनी बोली लावली. पहिला १८० डॉलरपर्यंत जायला तयार, दुसरा २४० पर्यंत, आणि तिसरे आपले गायब होणारे महाशय, ४०० पर्यंत. ईबेवर तुम्ही कमाल आकडा सांगून ठेवता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेते. त्यामुळे किंमत ठरते दुसऱ्या क्रमांकाच्या माणसामुळे. (विल्यम विक्री यांनी १९६१ मध्ये या प्रकारच्या लिलावाचं गणित मांडलं, १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) १०० ते २५० डॉलरच्या टप्प्यात बोली अडीच डॉलरने वाढते. म्हणजे महाशय जिंकले २४२.५० ला आणि गायब झाले.

आता विक्रेता दुसऱ्या माणसाला 'सेकंड चान्स ऑफर' पाठवू शकतो. कितीला? त्याच्या स्वतःच्या कमाल बोलीला, २४० ला. पण महाशय आलेच नसते तर हीच लेन्स त्याला १८२.५० ला मिळाली असती! त्याला शंका येते की विक्रेत्यानेच एखादा मित्र बसवून भाव चढवला असणार. तो नाही म्हणतो आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही नाही म्हटलं असतं. म्हणजे एका माणसाच्या गमतीत प्रामाणिक विक्रेता चोर ठरला, प्रामाणिक खरेदीदाराच्या हातून वस्तू गेली. सात दिवसांचा लिलाव, वर चार दिवस पैशांची वाट, मग पुन्हा सात दिवस. अडीच आठवडे गेले, तेही दुसरा विजेता पैसे देईल असं धरून!

आता अनामतीबद्दल. हातोडा पडला की सौदा पक्का, हे भारताच्या १९३० च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम ६४ मध्ये आहे. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, नंतर नाही. अमेरिकेतल्या व्यापारी कायद्याचं तत्त्वही हेच. पण नुसत्या तत्त्वावर विसंबून चालत नाही हे आपल्या कायदा करणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ काढून बघा. कोर्टाच्या हुकमाने स्थावर मालमत्तेचा लिलाव झाला की विजेत्याने २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे भरायची, उरलेली पंधराव्या दिवशी कोर्ट बंद व्हायच्या आत. नाही भरली तर अनामत जप्त होऊ शकते, मालमत्तेचा फेरलिलाव होतो, आणि फेरलिलावात कमी पैसे आले तर तो फरक पळालेल्या बहाद्दराकडून वसूल करता येतो. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीचा मजकूर आहे हा! तेव्हा सर्व्हर नव्हते, पण माणसं हीच होती.

आणि जिथे कागदावर अनामत नसते तिथे तोंडओळख असते. जत्रेत देवापुढच्या नारळाची बोली लावून पैसे न देणारा माणूस दुसऱ्या दिवशी पारावर भेटतोच. सगळं गाव त्याला विचारतं. इंटरनेटवर ना पार, ना गाव. तिथे तोंडओळखीचं काम रेटिंगने करायचं होतं. पण मे २००८ पासून ईबेवर विक्रेत्याला खरेदीदाराबद्दल वाईट शेरा देता येत नाही. त्याचं कारण खोटं नव्हतं. खरी तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला सूड म्हणून वाईट शेरे देणारे विक्रेते होते. त्यांना आवरायलाच हवं होतं. पण त्या नादात पळपुट्यांचीही पाटी कोरी झाली. एका बाजूने अनामत नाही, दुसऱ्या बाजूने बदनामी नाही. मग भीती कसली?

बोली लावून पैसे न देण्यामागे कधीकधी भूमिकाही असते, हे मान्य. २००९ मध्ये पॅरिसच्या क्रिस्टीजच्या लिलावात चीनच्या त्साय मिंगचाव यांनी बीजिंगच्या जुन्या राजवाड्यातून लुटून नेलेली दोन कांस्यशिल्पं सुमारे ३ कोटी १४ लाख युरोंना जिंकली आणि पैसे देणार नाही असं जाहीर केलं. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात टिम डीक्रिस्टोफर या विद्यार्थ्याने तेल आणि वायूसाठीच्या सरकारी जमिनींच्या लिलावात सुमारे १८ लाख डॉलरच्या बोली जिंकल्या, खिशात तेवढे पैसे नसताना. त्याला २०११ मध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. पटो न पटो, ही माणसं नाव सांगून उभी राहिली. माझ्या लेन्सवर बोली लावणाऱ्यांनी कुठला राजवाडा वाचवला?

'एखाद्याची खरंच अडचण असेल ना?' असेल की! नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल. मग एक ओळ लिहा, 'जमत नाहीये, रद्द करा'. मी दोन मिनिटांत रद्द करेन आणि मनात राग ठेवणार नाही. माझा राग पैसे न देण्यापेक्षा उत्तर न देण्यावर जास्त आहे.

'अनामत घेतली तर बोली कमी येतील.' येऊ देत! ज्या बोलीमागे पैसे नाहीत ती बोली नव्हे, तो नुसता आवाज. काही साइट्स आता काही लिलावांत बोलीच्या आधीच कार्ड नोंदवून घेतात, हे बरं लक्षण आहे. पण कार्ड नोंदवणं वेगळं आणि त्यावर दहा टक्के अडकवून ठेवणं वेगळं. हॉटेलवाले खोली देताना रक्कम अडकवतात, गाडी भाड्याने देणारेही अडकवतात. तंत्रज्ञान नाही म्हणून अडलंय, असं कृपया कुठल्याही इंजिनीअरला सांगू नका.

तोवर आपल्या हातात काय? विजेत्याला एकच सभ्य मेसेज पाठवा, आर्जवं नकोत. मुदत संपली की सौदा रद्द करा आणि कारण नेमकं तेच निवडा, 'खरेदीदाराने पैसे दिले नाहीत'. भिडेपोटी दुसरं कारण निवडलंत तर त्याच्या नावावर नोंदच होत नाही आणि पुढच्या विक्रेत्याला तोच माणूस भेटतो. सेटिंगमध्ये जाऊन पैसे बुडवण्याचा इतिहास असलेल्यांची बोली आधीच अडवा. आणि घाई असेल तर लिलावाचा मोह सोडून ठरलेल्या किमतीला, लगेच पैसे घेऊन विका. थोडे कमी मिळतील, पण मिळतील.

आणि बोली लावणाऱ्यांनो, बटण दाबण्याआधी एवढंच स्वतःला विचारा, जिंकलो तर घेणार आहे का? उत्तर 'बघू' असेल तर नुसतं बघाच की. बघायला पैसे पडत नाहीत.