शिकलेला माणूस, शिकलेली भाषा

धातूला '-लेला' हा प्रत्यय लागून जे भूतकालवाचक धातुसाधित विशेषण तयार होते, ते अकर्मक धातूचे असेल तर कर्त्याकडे निर्देश करते आणि सकर्मक धातूचे असेल तर बहुधा कर्माकडे. म्हणून 'गेलेला पाहुणा' जाणारा असतो, पण 'लिहिलेले पत्र' कोणीतरी लिहिलेले असते. या नियमाला 'शिकणे' हा धातू जुमानत नाही. 'शिकलेला माणूस' येथे कर्ता आणि 'शिकलेली भाषा' येथे कर्म अभिप्रेत आहे. असा प्रकार केवळ मराठीत घडतो असेही नाही. डच भाषेत सकर्मक धातूंची अशी रूपे सामान्यतः कर्मबोधक असली, तरी वाचणे या अर्थाच्या धातूशी जोडलेले 'बेलेझन' हे विशेषण पुष्कळ वाचन केलेल्या माणसाला लावले जाते.

धातूचे रूप कर्त्याकडे झुकते की कर्माकडे, हा मुद्दा कोल्हापूर परिसरातील मराठीच्या अध्यापकांना विशेष जवळचा आहे. प्रमाण मराठीत सकर्मक धातूचे भूतकाळी रूप बहुधा कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते, यालाच कर्मणी प्रयोग म्हणतात. त्यामुळे 'मी भाकरी खाल्ली' असे लिहिले जाते. कोल्हापुरी बोलीत मात्र 'मी भाकरी खाल्लो' असे सहज ऐकू येते, म्हणजे क्रियापद कर्त्याशी जुळते आणि प्रयोग कर्तरी होतो. 'मी' आणि 'तू' ही रूपे प्रथमेत व तृतीयेत सारखीच असल्याने येथे कर्त्यावर विभक्तीची खूण दिसत नाही, आणि क्रियापद कर्त्यामागे जाण्याची वाट मोकळी होते. ज्या कन्नडमध्ये भूतकाळातही क्रियापद कर्त्यालाच अनुसरते, तिचा शेजारही या प्रवृत्तीला पोषक ठरला असावा. शिवाय 'मी पाणी प्यालो', 'मी धडा विसरलो', 'मी मराठी शिकलो' ही कर्तरी रूपे प्रमाण मराठीतच रूढ आहेत. बोलीने तोच नमुना इतर धातूंपर्यंत नेला, एवढेच.

तेव्हा विद्यार्थ्याच्या वहीतील 'मी अभ्यास केलो' या वाक्याला अडाणीपणा म्हणणे शास्त्रशुद्ध नाही. लेखनासाठी 'मी अभ्यास केला' हे रूप शिकवलेच पाहिजे, कारण परीक्षेत आणि कार्यालयीन व्यवहारात तेच अपेक्षित असते. पण ते शिकवताना अध्यापकांनी दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून, क्रियापद कोणाशी जुळते हे विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावे. केवळ लाल रेघ ओढल्याने प्रयोग समजत नाही, आणि घरची बोली मात्र विनाकारण कमी लेखली जाते.