कडक आहे, पण चुकीच्या जागी

गेल्या महिन्यात शेजारच्या मावशींचा एका योजनेचा ऑनलाइन फॉर्म भरत होतो. मावशी नवऱ्याचं नाव लावत नाहीत. मधलं नाव रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे सरकेना. टिंब टाकलं, तर म्हणे 'फक्त अक्षरे टाका'. शेवटी सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव टाकलं. मावशी काही बोलल्या नाहीत.

आणि खाते क्रमांकात माझ्याकडून दोन आकडे उलटसुलट झाले, ते मात्र निमूट सेव्ह झाले! पासबुकाशी पुन्हा ताडून पाहिलं म्हणून वाचलो. एनईएफटीचे पैसे नुसता खाते क्रमांक बघून जमा होऊ शकतात.

मीही सॉफ्टवेअरच लिहितो, म्हणून जास्त राग येतो. आधारचा बारावा आकडा आधीच्या अकरांवरून काढलेला असतो. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटले तर तिथल्या तिथे कळतं. आयएफएससी 11 अक्षरांचा, पाचव्या जागी कायम शून्य. हे तपासायला दहा-वीस ओळी पुरतात. खाते क्रमांकाला सगळ्या बँकांत चालेल अशी सोय नाही, मग तो दोनदा लिहून घ्या. पैसा जिथे अडकतो तिथे हवं तेवढं अडवा की. पण नाव माणूस सांगेल तसं घ्या ना!

आमच्यातले काहीजण म्हणतात, सगळे रकाने सक्तीचे केले की डेटा स्वच्छ राहतो. कसला स्वच्छ? आधारवर मावशींचं नाव वेगळं, त्यामुळे परवा अर्ज परत आला. शेरा : 'नाव जुळत नाही'.